अळणी सोमवार

चौथा की पाचवा दाणा दाताखाली फुटला आणि उत्तराच्या लक्षात आलं, आज सोमवार. वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल संपवून त्या दोघी होस्टेलकडे निघाल्या होत्या. सुमेधा, तिची खोलीतली मैत्रीण, साताऱ्याची, चालताना तोंड रिकामं ठेवणं म्हणजे पाप समजणारी. तिने कोपऱ्यावरच्या गाडीवरून खाऱ्या दाण्यांची पुडी घेतली होती आणि बोलता बोलता अर्धी उत्तराच्या ओंजळीत ओतली होती. बोलणं चाललं होतं कण्हेरीच्या पानाच्या छेदाचं. उत्तराचा छेद आज इतका पातळ उतरला होता की सरांनी तो भिंगाखाली ठेवून बाकीच्या मुलांना बोलावून दाखवला होता, आणि त्या आनंदात हात आपोआप तोंडाकडे गेला होता. आता ओठाच्या फुटलेल्या कोपऱ्याला मीठ झोंबत होतं. थुंकावं तर भर रस्ता, गिळावं तर सोमवार. तोंडातला घास तसाच धरून ती दहा-वीस पावलं चालली. सुमेधाने विचारलं, काय गं, किडका दाणा लागला का? उत्तराने मानेने हो म्हटलं आणि गिळून टाकलं.

तो चौदावा सोमवार होता. आणखी दोन झाले की सोळा पुरे होणार होते, सत्र संपणार होतं, आणि सतराव्या सोमवारी डोंबिवलीला घरी उद्यापन. तेरा सोमवार तिने मेसमध्ये नुसता दूधभात आणि केळं खाऊन काढले होते. काढले होते ना? खोलीवर येऊन ती कॉटवर बसली आणि मागचा सोमवार आठवायला लागली. मागच्या आठवड्यात एकदा भरली वांगी होती. ती रविवारी की सोमवारी? वांगी आपण मागून घेतली होती, एवढं पक्कं आठवत होतं. त्याच्या आधीचा सोमवार तर पुसूनच गेलेला. त्या दिवशी ग्रंथालयात बसलो होतो, सायकल पंक्चर झाली होती, हे सगळं आठवत होतं, पण ताटात काय होतं ते आठवेना. एक दिवस चुकणं वेगळं. पण कधीपासून चुकतोय तेच ठाऊक नसणं म्हणजे आपण तिथून केव्हाच निघून आलो आणि आपल्याला पत्ताही नाही, असं काहीतरी तिला वाटलं. सुमेधा तोवर दाणे संपवून कागद झटकत होती.

पुण्याला यायचं म्हणून घरात महिनाभर वाद चालला होता. भाऊ, म्हणजे तिचे वडील, मुंबईत एका कचेरीत हेडक्लार्क. शिकण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की मुंबईची कॉलेजं काय ओस पडली आहेत? सकाळी आठला निघावं, संध्याकाळी सहाला घरी यावं, डोंबिवलीची निम्मी पोरं तेच करतात. उत्तराला एवढंच कळत होतं की संध्याकाळी सहाला घरी यायचं नाही. विहिरीवर गेलं की भाऊंची मुलगी, देवळात गेलं की भाऊंची मुलगी, मानपाड्याकडच्या शेतांतून फिरून आलं तरी घरी पोचायच्या आत कुणीतरी येऊन सांगून गेलेलं असायचं की तुमची उत्तरा शेताकडे दिसली हो. आपण कुणाचे कोण हे ज्याला ठाऊक नाही अशा एखाद्या रस्त्याने एकदा चालून बघावं, अशी तिची इच्छा होती, आणि ही काही वडिलांना सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. तिची बाजू घेतली ती आईने, जी कल्याणच्या पलीकडे कधी एकटी गेलेली नव्हती. पोळ्या लाटता लाटता, पोळपाटावरची नजर न काढता ती म्हणाली, "जाऊ दे तिला. मी सोळा सोमवार धरते." तोंडातून निघालेल्या व्रतापुढे हेडक्लार्कचं काय चालणार?

आता सोळा सोमवार म्हणजे दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, गुळातुपातला चुरमा, आणि दिवसभरात मिठाचा कण नाही. शिवाय आईच्या मते ज्याच्यासाठी करायचं त्यानेही पाळायला हवं होतं. होस्टेलवर हे कसं जमणार? आईने तोड काढली. मीठ तेवढं तू सोड, बाकीचं सगळं माझ्याकडे. शेजारच्या रंगूबाई, रत्नागिरीकडून आलेल्या, व्रतवैकल्यांतल्या सगळ्या चाळीच्या हायकोर्ट, त्यांना हे मुळीच पटलं नाही. "अगो, व्रत म्हणजे काय नारळ आहे, अर्धा तुझा नि अर्धा माझा?" असं त्या कठड्याला टेकून म्हणाल्या होत्या. एकीने मोडलं तर दुसरीचंही फुकट, हेही त्यांनीच बजावलं. आईने ते मनावर घेतलं नाही, पण उत्तराच्या मनात ते जाऊन बसलं.

पहिले काही सोमवार उत्तराला अजून चांगले आठवत. दूधभाताचा पहिला घास जिभेवर नुसता पडून राहायचा, काही सांगायचाच नाही, आणि मग त्या बेचव घासामागून घर यायचं. दुपारी चारची वेळ. रहाटाची करकर. चाळीच्या मागे जांभळीखाली वाळत घातलेली भांडी, त्यांवर पडलेली डाग पाडणारी जांभळं. आई ओटीवर पाय पसरून बसलेली, मांडीवर सूप. आणि सोमवारी दुपारी हटकून येणारी ती पापडवाली. फाळणीनंतर कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंध्यांपैकी ती एक. विठ्ठलवाडीच्या बाजूला राहायची, डोक्यावर पापडांची टोपली आणि पांढरी ओढणी घेऊन डोंबिवलीत दारोदार फिरायची. आईला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. उत्तरा नऊ-दहा वर्षांची, शाळेत नुकतं हिंदी सुरू झालेलं, म्हणून दुभाषाचं काम तिच्याकडे. पापडवाली टोपली उतरवून बोलायला बसली की बोलतच राही, हात हलवून, कधी ओढणीने डोळे टिपून, आणि ओटीखाली मैत्रिणी लंगडीसाठी खोळंबलेल्या असत. उत्तरा घाईघाईने सांगे, ती म्हणतेय तिकडे तिचं घर मोठं होतं. आई म्हणे, "एवढा वेळ बोलली आणि एवढंच?" उत्तरा म्हणे, एवढंच. मग डझनभर पापड घेतले जात आणि उत्तरा उडी मारून अंगणात पळे. त्या ओटीचा गारवा होस्टेलच्या मेसमध्ये बसून तिला तळपायांना लागायचा. तेवढ्यात वाढपी विचारायचा, ताई, भात आणू?

मग हळूहळू काय झालं कोण जाणे. गुडघे फोडून घेत ती सायकल शिकली. वर्गात उभं राहून सरांना प्रश्न विचारला, आवाज कापला, पण विचारला. एका दुपारी एकटीच इराण्याच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायली आणि कुणी काही म्हटलं नाही. तो चहा काही फार चांगला नव्हता, पण बाहेर आल्यावर तिला रस्ता एकदम रुंद वाटला. टेकडीवरून गवताच्या सात जाती गोळा केल्या, त्या वर्तमानपत्रात दाबल्या, प्रत्येकीखाली स्वतःचं नाव लिहिलं. उत्तरा, एवढंच; पुढे कुणाची मुलगी ते लिहायची जागाच नव्हती. ती खूश होती. आणि नेमकं हेच तिला आता, खाऱ्या दाण्यांनंतर, सहन होईना. रडत राहिलो असतो तर सोमवार कधी विसरलो नसतो. आई तिकडे दिवसभर उपाशी, तुळशीपुढे बसून पोथी वाचतेय, आणि इकडे आपण कण्हेरीच्या पानावर शाबासकी घेतोय. आईने आपल्यासाठी भाऊंशी वाद घातला नाही, रडली नाही, तर स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन आपल्याला मोकळं सोडलं, आणि त्याच्या बदल्यात मागितलं काय, तर आठवड्यातून एक दिवस मीठ.

तिने पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. कार्डावर लिहिलं तर पोस्टमनपासून रंगूबाईंपर्यंत सगळे वाचणार. पाकिटात घालून पाठवलं तर पाकीट का आलं म्हणूनच आईला धसका. पंधराव्या सोमवारी प्रायश्चित्त म्हणून तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारी भिंगातलं पान पोहायला लागलं आणि सुमेधाने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. सोळावाही तिने अगदी काटेकोर पाळला. पण चौदावा मोडलेलाच होता, आणि त्याच्या आधीचे किती, ते एक देवच जाणे. उद्यापनाला सोळा मेहुणं जेवायला बसणार, आई त्यांच्या पाया पडणार, आणि त्या सगळ्याखाली आपलं हे. तोंड दाबून बसलो तर आईला कधी कळणारही नाही. सांगितलं तर तिचे सोळा सोमवार मातीत, आणि पुढच्या सत्राला पुणं आहे की नाही हेही तिच्याच हातात. उत्तराने ठरवलं की सांगायचं. मग ठरवलं की उद्यापन झाल्यावर सांगायचं. गाडी खंडाळ्याच्या बोगद्यात शिरेपर्यंत तिने हे चार वेळा ठरवलं होतं.

शनिवारी उन्हं उतरताना ती डोंबिवलीला उतरली. स्टेशनबाहेर तोच धुळीचा रस्ता, तेच टांगे, शेतांकडून येणारा कापलेल्या भाताचा वास. तिला एकदम भरून आलं. सगळं आहे तिथे आहे, आपल्यासाठी थांबून राहिलंय, असं वाटून पाय झपझप पडायला लागले. पण ओटीवर कुणी नव्हतं. आत भाऊ शेगडीपुढे उकिडवे बसून वारा घालत होते, धोतराला कोळशाचे हात लागलेले. भाऊ आणि शेगडी हे तिने जन्मात एकत्र पाहिलं नव्हतं. "ये, ये," ते म्हणाले, "चहा होतोच आहे. आई येईल इतक्यात, ती शिकवणीला गेली आहे." उत्तराला वाटलं कुणाच्या पोराला शिकवायला. मग तिची नजर स्वयंपाकघरभर फिरली. परवा सोळा मेहुणं जेवायची आणि घरात दळण नाही, शेजारून आणलेली पातेली नाहीत, गुळाची ढेप नाही. फडताळात पोथीच्या जागी दौत, रूळ आणि दोन वह्या. चहा अतिशय गोड झाला होता. भाऊ तिच्याकडे टक लावून बघत होते, म्हणून तिने छान झालाय म्हटलं.

आई आली ती दिवे लावायच्या वेळेला, घाईघाईने, हातात पिशवी. जरा वाळली होती की उगीच तसं वाटत होतं? तिने उत्तराच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, पुण्याचं पाणी मानवलंय म्हणाली, आणि देवापुढे निरांजन लावून तिथेच भिंतीशी बसून पेन्सिलला टोक करायला लागली. बोलायला भीती वाटते तेव्हा माणूस एकदम बोलून मोकळं होतं. उत्तराने तेच केलं.

"आई, मी मीठ खाल्लं. चौदाव्या सोमवारी. त्याच्या आधीही खाल्लं असेन, मला आठवतच नाही."

पेन्सिलीचं साल खाली पडत राहिलं. आईने वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा एखादी चोरी पकडली गेल्यासारखा झाला होता, आणि उत्तराला कळेना, की चोर आपण असताना तिचा चेहरा असा का.

"मी सहाव्यालाच सोडलं गं," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं, थांबत थांबत. उत्तरा गेल्यावर सोमवारी ती पापडवाली आली, नेहमीसारखी टोपली उतरवून बसली, बोलायला लागली, आणि मधेच थांबली. तिचं बोलणं मराठीत सांगायला कुणी नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. पुढच्या सोमवारी तसंच. सहाव्या सोमवारी आईचं उपासाने डोकं दुखत होतं, कपाळाला फडकं बांधून ती पडली होती. त्या बाईने काही न विचारता शेगडी पेटवली, टोपलीतला एक पापड भाजला, आणि तो दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "खारट असतो तो पापड, मला काय ठाऊक नव्हतं? पण नाही कसं म्हणायचं ते तेव्हा येत नव्हतं मला," आई म्हणाली. "खाल्ला. दोघींनी मिळून तीन खाल्ले. रंगूबाई महिनाभर बोलल्या नाहीत माझ्याशी."

उत्तरा हसली, आणि हसता हसता तिला राग आला. पुण्यात ती कुणासाठी अळणी जेवत होती? पाणीसुद्धा न पिता चक्कर येईपर्यंत कुणासाठी? ती ओटी, ते सूप, ती पोथी वाचणारी उपाशी आई, जिच्याकडे ती दर सोमवारी मनाने येत होती, ती तर ऑगस्टपासून इथे नव्हतीच. तिने विचारलं, मला कळवलं का नाहीस? आई पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर टोचून बघत राहिली. दर कार्डाला वाटायचं लिहावं, ती म्हणाली. "पण म्हटलं, तुझं मीठ सोडलेलं असेल तोवर सोमवारी तरी मी तुला आठवत असेन. तेवढं काही सोडवेना."

बाहेर भाऊ उगीचच खोकले. मग आईने फडताळातली वही काढून उत्तरापुढे ठेवली. मोठ्या, वाकड्या अक्षरांत ओळी, आणि त्यांवर दुसऱ्या कुणीतरी जांभळ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या. ते अक्षर मात्र वळणदार, सराईत. राष्ट्रभाषेची पहिली परीक्षा, उद्या ठाण्याला. "गोपीबाई शिकवतात," आई म्हणाली. "पापडवाली गं. तिकडे मुलींच्या शाळेत हिंदीच्या बाई होत्या त्या, बारा वर्षं. हे त्या मला पहिल्या वर्षापासून सांगत होत्या म्हणे. मी त्यांना म्हटलं, मला वाटलं तुमचं घर मोठं होतं." आईच्या बोलण्यात ठपका नव्हता. ती सहज, नवल सांगावं तसं सांगत होती. पण उत्तराला तो शब्द आठवला. पढ़ाती थी. तिने तो ऐकला होता, तिला तो कळलाही होता. अंगणात लंगडीचा डाव मांडला होता म्हणून तिने तो गिळला होता. खारे दाणे गिळणं त्यापुढे काहीच नव्हतं. दोन बायका सात वर्षं समोरासमोर बसल्या, आणि मधे आपण उभ्या, एक पाय अंगणात टाकून.

तिने आईला ते सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं. "लहान होतीस," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "तू गेलीस ते बरंच झालं म्हणायचं." म्हटल्यावर तिचं तिलाच कसंसं वाटलं असावं, कारण तिने उत्तराची वेणी ओढून तिला जवळ घेतलं आणि धरून ठेवलं. पदराला शाईचा वास येत होता. उत्तराला रडू आलं, ते कशाचं हे तिने शोधलं नाही.

सकाळी आईने ठेवणीतलं पातळ नेसलं. भाऊ सोबत येतो म्हणाले, टोपीसुद्धा घालून तयार झाले. आईने त्यांना बसवलं. ठाणं काही परमुलूख नाही, आणि स्टेशनवर पाटी वाचता येते मला आता, दोन भाषांत, ती म्हणाली. भाऊंनी टोपी खुंटीला लावली. उत्तराने वाटीतलं दही चमच्यात घेतलं आणि ती दाराशी गेली. मी काय लहान आहे, असं पुटपुटत आईने तळहात पुढे केला. उत्तराने त्यावर दही घातलं, आईने ते चाटलं, हात पदराला न पुसता पाण्याने धुतला, पेन्सिली मोजल्या आणि पायरी उतरली.

उत्तरा चौकटीला धरून उभी राहिली. जूनमध्ये ती टांग्यात बसून याच रस्त्याने गेली होती. त्या दिवशी तिने एकदाही मागे पाहिलं नव्हतं. तिच्या डोक्यात होस्टेलची खोली होती, खिडकी असेल का, तिथून काय दिसेल. आई दारात किती वेळ उभी होती, हे तिने विचारलंही नव्हतं कधी. आता पातळाचा हिरवा रंग विहिरीपाशी पोचला, मग जांभळीच्या पुढे गेला. तिथून रस्ता वळतो. आईने वळून पाहावं असं उत्तराला फार वाटलं, आणि पाहू नये असंही तितकंच वाटलं. आई वळणावर क्षणभर थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि तशीच पुढे गेली.